शेवटचं कुणी पाहिलं?

आमच्या कॉलनीत महिन्यातून एकदा वाचनकट्टा भरतो. एका काकूंच्या पार्किंगमध्ये दहा-बारा खुर्च्या, चहाचा थर्मास आणि सगळ्यांनी वाचलेलं एक पुस्तक. गेल्या सप्टेंबरात पुस्तक होतं मुरलीधर खैरनारांचं ‘शोध’. खैरनार आपल्या नाशिकचे, रंगभूमीवर वावरलेले. राजहंस प्रकाशनानं २०१५ साली ही कादंबरी काढली आणि त्याच वर्षअखेरीस ते गेले. सुरतेच्या दुसऱ्या लुटीतला काही खजिना आपल्या डोंगरांत नाहीसा झाला आणि आज काही माणसं जिवावर उदार होऊन तो शोधताहेत, अशी ती गोष्ट. साडेतीनशे वर्षं न सुटलेलं कोडं!

मतं पडायला वेळ लागला नाही. काकू म्हणाल्या, “तीन रात्री झोप नाही. एकदा तर फोडणी करपली.” सातपूरच्या कारखान्यात काम करणारा एक मुलगा भलताच खूष होता. “मी दर पावसाळ्यात सातमाळा डोंगररांगेत जातो. पण या डोंगरांवर कुणी अशी थरारक गोष्ट रचेल, असं वाटलं नव्हतं,” तो म्हणाला. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई म्हणाल्या, की माहिती इतकी येते की मध्येच गोष्ट थांबते. इतिहास शिकवणाऱ्या सरांची तक्रार वेगळी होती. “मुलं मला विचारतात, सर, खजिना नेमका कुठं आहे? कादंबरी आहे हे सांगूनही पटत नाही त्यांना.”

कोपऱ्यात बसलेले एक आजोबा गप्प होते. पोलीस खात्यात हवालदार म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. शेवटी ते बोलले. “आमच्याकडे मिसिंग दाखल करायला कुणी आलं, की पहिला प्रश्न ठरलेला. शेवटचं कुणी पाहिलं? कुठं, किती वाजता? या खजिन्याला शेवटचं कुणी पाहिलं, ते सांगा.”

सगळे सरांकडे बघायला लागले. पुढच्या रविवारी सर टिपणं काढून घेऊन आले, आणि कट्टा पुन्हा भरला.

जबाब असे निघाले. शिवाजी महाराज सुरतेवर दुसऱ्यांदा आले ते ऑक्टोबर १६७० मध्ये. किती माल गेला याची मोगलांनी चौकशी केली, तेव्हा ६६ लाखांचा आकडा निघाला, असं इतिहासकार जदुनाथ सरकारांनी नोंदवलं आहे. परतीच्या वाटेवर मोगल सरदार दाऊदखान कुरेशी आडवा आला आणि १७ ऑक्टोबरला कांचनबारी खिंडीच्या परिसरात, वणी-दिंडोरी भागात, लढाई झाली. या लढाईबद्दल मोगलांकडच्या भीमसेन सक्सेनानं लिहून ठेवलं आहे. आणि सभासदाची बखर म्हणते, की राजांनी मालमत्ता आणि पायदळ पुढे रवाना केलं, आणि आपण दहा हजार स्वारांनिशी मागे उभे राहिले.

आजोबांनी मान हलवली. “म्हणजे माल पुढे गेला, धनी पाठीशी उभा राहिला. यात हरवल्याची नोंद कुठं आहे?”

मला त्या क्षणी वाईट वाटलं, हे खरं सांगते. कादंबरीनं मला एक स्वप्न दिलं होतं. पण घरी आल्यावर वाटलं, की मोठी गोष्ट तर आत्ता हाती लागली. माल आणि आपली माणसं सुखरूप पोहोचावीत म्हणून राजा स्वतः शत्रूच्या तोंडावर थांबला.

ऑक्टोबरात भावाबरोबर त्याच खिंडीजवळच्या कांचना किल्ल्याकडे गेले. पावसानं उघडीप दिली होती. वाटेत द्राक्षबागांमधून गोडी छाटणी चाललेली, चांदवडकडे कांद्याची रोपं वर आलेली. चढाला लागलो तर वाटेच्या कडेला दोन ताजे खड्डे. गुरं राखणाऱ्या मावशींना विचारलं. “गुप्तधनाच्या नादानं येतात रात्रीची पोरं. कोणाला काय घावलं नाही आजवर. माझी गाय मात्र पडली त्यात,” त्या म्हणाल्या.

वर पोहोचून खालच्या खिंडीकडे बघत बराच वेळ बसलो. एवढ्या अरुंद जागेतून ओझ्याची घोडी पुढे काढायची आणि मागून येणारं सैन्य थोपवून धरायचं, ते कसं असेल हे कुठल्याही पानापेक्षा तिथं जास्त कळलं. एक मात्र कबूल केलंच पाहिजे. मी नाशिकची, शाळेत ही लढाई दोन ओळींत शिकलेले, पण खैरनारांचं पुस्तक हाती आलं नसतं तर त्या डोंगरावर कधी गेले नसते. कादंबरीवर माझं मत विचाराल तर हेच. तिच्यातला खजिना कल्पनेतला, पण तिनं दाखवलेली वाट खरी.

म्हणून विनंती. ‘शोध’ वाचा, मग सातमाळेवर जा. जाताना पाण्याची बाटली न्या, कुदळ नेऊ नका. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि वाटेत खड्डा दिसला तर दगड-माती लोटून बुजवा. तिथं गुरं चरतात.