तीन तासांची कॅसेट



आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या कपाटात वरच्या कप्प्यात अजून व्हिडिओ कॅसेट असतील. लग्नाच्या, बारशाच्या, गावच्या पंचकल्याणकाच्या, कुणाकडे १९९३ च्या श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाच्याही. व्हीसीआर नवे बनणं २०१६ मध्येच थांबलं. चालू मशीन असलेला स्टुडिओ सापडला, तर त्या डीव्हीडीवर उतरवून घ्यायला उशीर करू नका.

आमच्याकडे सात कॅसेट निघाल्या. स्टुडिओवाल्या दादांनी विचारलं, "प्रत्येक कॅसेटची एकच डिस्क करू ना?" हो म्हणण्याआधी मी हिशेब समजून घेतला.

कॅसेटवर ई-१८० लिहिलेलं असतं, म्हणजे साध्या वेगाने १८० मिनिटं. लाँग प्लेवर भरली असेल तर सहा तास. साध्या डीव्हीडीत मावतं ४.७ जीबी. भांडं तेवढंच. रेकॉर्डर एक तासावर ठेवला तर चित्र उत्तम, दोन तासांवर ठेवला तर चांगलं. चार-सहा तास त्यातच कोंबले, की प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला कमी येतं. शांत बसलेल्या माणसाच्या चित्रात ते फारसं जाणवत नाही; पण अभिषेकाच्या धारा, उधळलेल्या अक्षता, मिरवणुकीतली गर्दी यांचे चौकोनी तुकडे दिसायला लागतात. नेमकं जे पाहायचं तेच बिघडतं! शिवाय तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. सामायिकाची ४८ मिनिटं जशी लवकर उरकता येत नाहीत, तसंच हे.

एका कॅसेटवर पहिला दीड तास धाकट्या दिरांचं लग्न होतं आणि पुढचा दीड तास सासूबाईंच्या बहिणीची आर्यिका दीक्षा. सासूबाई म्हणाल्या, "एकाच डिस्कमध्ये नीट बसवा. आहेराची रांग कशाला हवी? काढून टाका." मलाही ते पटलं. परिग्रहाचं परिमाण करायचं तर सुरुवात इथूनच, असं वाटलं. पण जाऊबाई हळूच म्हणाल्या, "वहिनी, त्या रांगेत माझे वडील आहेत. चालताना दिसतात ते फक्त तिथेच." मग काय! दोन डिस्क केल्या, एकीवर लग्न, एकीवर दीक्षा. एकीला जो पसारा वाटतो, तोच दुसरीचा ठेवा असतो. परिमाण आपलं आपण करावं, दुसरीच्या वस्तूचं नाही.

दीक्षेची डिस्क लावली तेव्हा सासूबाई आधी बसायलाच तयार नव्हत्या. "ती घर सोडून गेली. तिचं घरातलं रूप जपणं म्हणजे मोहच की." माताजींची समाधी होऊन बरीच वर्षं झाली. पण केशलोच सुरू होण्याआधी त्या सगळ्यांची क्षमा मागतात, तो आवाज आला आणि सासूबाई टीव्हीजवळ जाऊन बसल्या. "ताई, तुझीही क्षमा मागते," असं माताजी म्हणतात, आणि चित्रात सासूबाई नुसत्या रडताना दिसतात. त्या दिवशी उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. ते त्यांनी आता दिलं, हात जोडून: "उत्तम क्षमा." मोह होता का? मला तर निर्जराच वाटली.

काही गोष्टी लक्षात ठेवा. कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर ती मशीनमध्ये घालू नका, आधी जाणकाराला दाखवा. पावसाळ्याआधी कोरड्या जागी ठेवली तर बुरशी धरत नाही आणि जीवहिंसाही टळते. डिस्क दुसऱ्या प्लेअरवर चालावी म्हणून फायनलाइज करून घ्या. एक प्रत पेन ड्राइव्हवरही ठेवा, डिस्कही कायमची नसते. आणि काहीही कापण्याआधी घरात सगळ्यांना विचारा, विशेषतः त्या घरात सून म्हणून आलेल्यांना.

दशलक्षण पर्वाआधी हे काम झालं, तर क्षमावाणीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून पाहता येईल.