पाणपोईवरची फील्डिंग

एखादा पोरगा प्रेमात पडू लागला, की नाशिकच्या कॉलेज रोडवरचे मित्र त्याचं निदान क्रियापदांत करतात. तो घिरट्या घालतो, लाइन मारतो, फील्डिंग लावतो, शायनिंग मारतो आणि ती नुसती हसली तरी पाघळतो. तिला अजून कशाचा पत्ता नसतो आणि मित्र तिला ‘वहिनी’ म्हणून मोकळे! या शब्दांतलं हसू सगळं त्याच्यावर आहे, हेच मला मोलाचं वाटतं. फील्डिंग लावणाऱ्याच्या हातात चेंडू नसतो. झेल येईल की नाही हे ठाऊक नसताना उन्हात उभं राहायचं असतं. शिवाय ‘माझं प्रेम आहे’ म्हणायला जीभ रेटत नाही, तिथे ‘फील्डिंग लावतोय’ म्हणता येतं, आणि नकार आला तर हसत माघारीही फिरता येतं.

असल्या शब्दांनी मराठी बिघडते, असं काहीजण म्हणतात. पण ‘फिदा’ अरबीतून फारसीमार्गे आला, ‘लट्टू’ म्हणजे तर गरगरणारा भोवरा. आज दोन्ही कुणाला खटकत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्यासाठी हाल सातवाहनाच्या ‘गाथासप्तशती’ या गाथासंग्रहाचा दाखला दिला गेला. त्या संग्रहातल्या एका गाथेत पाणपोईवरचा वाटसरू वर बघत, ओंजळीची बोटं विरळ करून पाणी गळू देतो. पाणी घालणारी तरुणीही आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते. ही फील्डिंग नव्हे तर काय? अभिजातपणाचा पुरावा म्हणून ती गाथा चालते, तर कट्ट्यावरच्या शब्दाला नाक मुरडण्याचं कारण मला दिसत नाही.

दुसरा आक्षेप मात्र जड आहे: या गमतीआड मुलींचा छळ लपतो. लपतो, हे खरंच आहे. नको म्हटल्यावरही मुलीच्या मागे लागणं २०१३ पासून कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतो. ‘आयटम’, ‘माल’, ‘सामान’ हे शब्द त्याच वाटेचे. त्यांत प्रेमात पडलेल्याची फजिती कुठेच नाही, फक्त तिची वस्तू केलेली आहे. पाणपोईवर धार तिनेही बारीक केली होती. तिने ती केली नसती, तर वाटसरूने पाणी पिऊन वाट धरायची होती. म्हणून कट्ट्यावरच्या मित्रांना एवढंच सांगणं: ‘फील्डिंग’ खुशाल राहू द्या, पण कुणी ‘माल’ म्हणालं, तर त्याला तिथल्या तिथे गप्प करा.