साडेबेचाळीस फेरे

मे महिन्यात दोन दिवस हातखंब्याला आत्याकडे गेलो होतो. गेलो होतो आंबे खायला, पण तिकडे घराची शाकारणी काढलेली. त्यामुळे पहिला अख्खा दिवस माळा रिकामा करण्यात गेला. (शहरातून आलेल्या भाच्याला आंबे फुकट मिळत नाहीत, हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे.) फुटके कंदील, पितळी समया, कुणाच्या तरी लग्नातली पाटांची थप्पी, आणि सगळ्यात मागे एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत सात-आठ रेकॉर्डी आणि झाकण लावलं की सुटकेससारखा दिसणारा, सेलवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर. सेल कोणे एके काळी आतच पाझरलेले, हिरवट पांढरं मीठ साचलेलं. प्लेअर संपलेला होता, त्यात दुमत नव्हतं.

रेकॉर्डींमधली एक आत्याने पदराने पुसून हातात दिली. "ही वाजेल का रे? तुम्ही ते कॉम्प्युटरवर काय काय करता. नाहीतर दे टाकून."

सात इंची, ४५ फेऱ्यांची ईपी. कोळीगीतं. त्यातलं 'मी डोलकर' आत्याचं खास. शब्द शांता शेळक्यांचे, चाल हृदयनाथांची, आवाज लता मंगेशकर आणि हेमंतकुमार. गंमत बघा, कोळीगीत आहे, पण लिहिणाऱ्या शांताबाई जन्माने इंदापूरच्या, गाणारे हेमंतकुमार बंगाली, आणि ते घोकून पाठ करणारी आमची आत्या समुद्रापासून दहा-बारा किलोमीटर आत, मुंबई-गोवा रस्त्यावरच्या तिठ्यावर राहणारी. होडीत ती आयुष्यात दोनदा बसली असेल, दोन्ही वेळा उलट्या.

असो. रेकॉर्ड टॉवेलात गुंडाळून पुण्याला आणली.

ऑफिसात सांगितलं तर एकाने लगेच विचारलं, "अरे, गाणं यूट्यूबवर आहे की! एका मिनिटात मिळेल." प्रश्न बरोबर होता. माझ्याकडे तेव्हा नीट उत्तरही नव्हतं. गाणं हवं असतं तर आत्याने गाणं मागितलं असतं, तिने "ही वाजेल का" असं विचारलं होतं, एवढंच मी म्हणालो. ते त्याला पटलं नाही. मलाही फार पटलं नव्हतं, खरं सांगायचं तर मला शनिवार-रविवारी खेळायला काहीतरी हवंच होतं.

आधी धुणं. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि चाळीस-पन्नास पावसाळे माळ्यावर काढलेल्या रेकॉर्डीच्या खाचांत काय काय असतं ते भिंगाखाली बघू नये. बुरशी व्हिनाइलला फारशी खात नाही, पण खाचेत घर करून बसते. डिस्टिल्ड पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेने गोल गोल. मधला कागदी लेबलाचा भाग कोरडा ठेवायचा. ट्रंकेत दोन ७८ च्या जुन्या रेकॉर्डीही होत्या. त्या लाखेच्या. त्यांना चुकूनही स्पिरिट लावू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि रेकॉर्ड स्वच्छ होता होता गाणंच पुसलं जातं. (त्या दोन मी अजून हातात घेतलेल्या नाहीत. हिंमत नाही.)

मग वाजवून कॉम्प्युटरवर घेणं. इथे एक युक्ती आहे, ती मला फार आवडते. ही ईपी मोनो, म्हणजे खाचेच्या डाव्या आणि उजव्या भिंतीवर एकच आवाज कोरलेला. पण झीज आणि ओरखडे दोन्ही भिंतींवर सारखे नसतात. म्हणून मोनो रेकॉर्डसुद्धा स्टीरिओ सुईने वाजवायची, दोन्ही बाजू वेगवेगळ्या घ्यायच्या आणि मग एकत्र करायच्या. गाणं दोन्हीकडे तेच असल्याने त्याला जोर येतो, खरखर दोन्हीकडे वेगळी असल्याने तिला येत नाही. जिथे एक भिंत अगदीच खराब आहे तिथे तेवढ्यापुरती दुसरीच वापरायची. मुळात एकच असलेल्या आवाजाच्या दोन साक्षी मिळतात म्हणा ना.

ओरखडे शोधणंही मजेशीर. ४५ फेरे म्हणजे एका फेऱ्याला १.३३ सेकंद. आडवा ओरखडा असेल तर 'टक्' बरोबर १.३३ सेकंदांनी परत येतं, पुन्हा १.३३ सेकंदांनी परत. ऑडॅसिटीमध्ये (२००० साली आलेलं, फुकट, आणि अजून माझं आवडतं) लहरीचं चित्र मोठं करून बघितलं की हे टक् काट्यांसारखे उभे दिसतात. प्रत्येक काटा एखाद-दोन मिलिसेकंदांचा. तो कापायचा आणि अलीकडची-पलीकडची लहर बघून मधलं भोक भरायचं. सॉफ्टवेअर हे आपोआप करतं, पण त्याला काटा आणि तालवाद्याची थाप यातला फरक कळत नाही. दोन्ही अचानक उठतात, दोन्ही टोकदार. पहिल्या प्रयत्नात मी सगळं आपोआप सोडून दिलं आणि ठेका असा झाला की वाजवणाऱ्याने हातात मोजे घातलेत! मग अख्खी बाजू हाताने केली. तीन शनिवार.

खरखर काढताना त्याहून मोठा मूर्खपणा केला. गाणं सुरू होण्याआधीच्या कोऱ्या खाचेचा आवाज सॉफ्टवेअरला दाखवायचा, "हे असलं सगळीकडून काढ" म्हणायचं, तो काढतो. मी हावरटासारखा काढत गेलो. रेकॉर्ड शांत झाली खरी, पण लताबाईंचा श्वासही गेला आणि शब्दांच्या शेवटी पाण्याखाली बुडबुडे यावेत तसा आवाज यायला लागला. सगळं पुसून परत सुरुवात. शेवटी थोडी खरखर ठेवली. माझं मत विचाराल तर रेकॉर्ड साफ करणाऱ्याने पहिला अर्धा तास फक्त ऐकावं, माउसला हात लावू नये. मी स्वतः तो लावलाच, ही गोष्ट वेगळी.

जूनच्या शेवटी फाईल आत्याला पाठवली. मी कौतुकाची वाट बघत बसलेलो. संध्याकाळी फोन आला.

"ऐकलं रे. छान केलंयस. एकदम सोफ झालंय." मग जरा थांबून, "पण आमचं नाही हे."

"म्हणजे? तुझीच रेकॉर्ड आहे आत्ये!"

"असेल. पण ही बाई घाईत आहे."

घाईत! आता आली का पंचाईत. प्रोग्रामर माणसाला असा बग कुणी कळवला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: माझ्या मशीनवर तर बरोबर चालतंय. ते सिद्धही केलं. फेरे तपासायला कडेने काळ्या-पांढऱ्या पट्ट्या छापलेली चकती मिळते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, जुना दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, त्या उजेडात ४५ फेऱ्यांसाठी १३३ पट्ट्यांची चकती स्थिर दिसली पाहिजे. (काटेकोर हिशेबाने ४५.११ होतात, १३३ च्या पुढची ती पाव-तिहाई पट्टी छापता येत नाही ना.) नव्या एलईडी दिव्यांत हे बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणून शेजाऱ्यांकडून जुना ट्यूबलाइट आणून लावला. पट्ट्या ढिम्म उभ्या. माझा वेग बरोबर. यूट्यूबवरच्या गाण्याशीही सूर जुळवून पाहिला, तोही जवळपास तोच. म्हणजे आत्या चूक. आठवण चूक. प्रश्न मिटला.

मिटला नाही. कारण वेगाच्या बाबतीत 'सगळ्यांकडे असंच आहे' हे उत्तर पुरत नाही, याचं जगप्रसिद्ध उदाहरण मला माहीत होतं. माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'. १९५९ सालची, जॅझमधली बहुधा सगळ्यात जास्त ऐकली गेलेली रेकॉर्ड. तिच्या पहिल्या बाजूच्या तीन गाण्यांच्या वेळी टेप मशीन किंचित हळू चालत होतं, त्यामुळे रेकॉर्डीवर ती तीन गाणी किंचित वरच्या सुरात आली. हे दुरुस्त होऊन लोकांच्या हाती पडलं १९९२ मध्ये. तेहतीस वर्षं लोक चढलेला सूरच ऐकत होते आणि त्यालाच मूळ समजत होते.

दुसरं म्हणजे, साध्या माणसांची सुराची आठवण आपण समजतो तेवढी कच्ची नसते. डॅनियल लेव्हिटिन या संशोधकाने १९९४ मध्ये विद्यार्थ्यांना त्यांची आवडती गाणी नुसती आठवून म्हणायला सांगितली होती. मूळ गाणं न ऐकवता. दोनपैकी निदान एका वेळी चाळीस टक्क्यांनी नेमका मूळ सूर पकडला. गाणं न शिकलेल्या लोकांनी! तर मग आत्याला खोटं पाडणारा मी कोण?

गणपतीत गेलो तेव्हा लॅपटॉपवर पाच फाईली घेऊन गेलो. एक बरोबर ४५ ची. एक अर्ध्या सुराने चढलेली. तीन उतरलेल्या: पाव सूर, अर्धा सूर आणि एक अगदी ४० फेऱ्यांची, म्हशीसारखी. फाईलींना आकड्यांची नावं दिली तर ती माझ्या तोंडाकडे बघून ओळखणार, म्हणून पहिल्या फेरीत नावं फळांची, दुसरीत माशांची, तिसरीत पाली, निवळी, नाणीज, कुवारबाव, साखरपा. क्रम दर वेळी वेगळा. ओटीवर बसून, मांडीवर मोदकांचं ताट घेऊन आत्याने हा प्रयोग फार गंभीरपणे केला. पोरं हसत होती, तिने एकदा डोळे वटारले, गप्प.

पहिल्या फेरीत ती म्हणाली, "काजू." दुसरीत, "सुरमई." तिसरीत नाणीज अर्ध्यावर थांबवलं आणि म्हणाली, "हेच. आता पुढची लावू नकोस."

तिन्ही वेळा तीच फाईल. अर्धा सूर उतरलेली. ४५ ला १.०५९५ ने भागा, साडेबेचाळीसच्या जरा आत येतात. योगायोगाने असं व्हायची शक्यता एकशे पंचविसात एक. तीन मिनिटांचं गाणं या वेगाने जवळजवळ अकरा सेकंद जास्त चालतं.

मग माझी ट्यूब पेटली. पाझरलेले सेल!

"आत्ये, तुम्ही उतरलेल्या सेलांवर वाजवायचात का?"

"मग! सेल काय झाडाला लागायचे?" आणि मग तिने सांगितलं. आतोबा गिरणीत. वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि शिमग्याला. घरात वीज यायची होती. प्लेअर त्यांनीच मुंबईहून रातराणीने मांडीवर ठेवून आणलेला, पहाटे तिठ्यावर उतरून तिथून डोक्यावरून घरी. येताना नवे सेल आणायचे. ते दोन-तीन दिवसांत दमले की अंगणात उन्हात वाळत घालायचे, तेवढीच आणखी दोन गाणी निघायची. हे सगळं मी नुसतं मान डोलावत ऐकत होतो, मला माझं उत्तर मिळालं होतं. सेल दमले, मोटर हळू झाली, सूर उतरला, संपलं.

"पण नव्या सेलांवर मला ते म्हणताच यायचं नाही," आत्या पुढे म्हणाली. "ती बाई कुठल्या कुठे वर जायची. माझा घसा चिरकायचा. सगळे हसायचे. मग हे उठायचे. नवे सेल काढायचे, बॅटरीत घालायचे, आणि बॅटरीतले जुने ह्याच्यात. म्हणायचे, हां, आता म्हण."

"मुद्दाम?"

"मुद्दाम नाहीतर काय. खालचं ते म्हणायचे, वरचं मी."

आतोबांना जाऊन अकरा वर्षं झाली. मी त्यांना गाताना कधी ऐकलेलं नाही. माझ्या आठवणीतले आतोबा म्हणजे पडवीत पान जुळवत बसलेले, दिवसाला चार वाक्यं बोलणारे गृहस्थ. मी काहीतरी विचारायला जाणार तेवढ्यात आरतीला हाक आली आणि ती ताट घेऊन आत निघून गेली.

आता तांत्रिक बाजू, कारण विचारणारे विचारतीलच. मूळ घेतलेली फाईल मी ४५ चीच ठेवली आहे, न कापलेली, न पुसलेली, खरखरीसकट. मोठमोठी ध्वनिसंग्रहालयं हेच करतात: पहिली प्रत जशी आली तशी ठेवायची, सगळे उद्योग तिच्या नकलेवर. साफ केलेली नक्कलही ४५ ची. त्यातून तिसरी काढली, तिचा वेग आणि सूर दोन्ही एकत्र उतरवले. आजकाल सूर तोच ठेवून नुसता वेग कमी करता येतो, किंवा उलटही. ते इथे करायचं नाही, सेल दमल्यावर दोन्ही सोबतच खाली येतात. अजून एक केलं. खरा दमलेला सेल गाण्याभर एकाच वेगाने थोडाच चालणार? म्हणून गाण्याच्या शेवटाकडे वेग अगदी जराजरासा आणखी उतरवून एक प्रत बनवली आणि पाठवली. आत्याने ती पाच सेकंदांत ओळखली. "ही नको. एवढे जुने घालत नसत ते."

फोनवर आता तिच्याकडे एकच फाईल आहे. नाव मी 'डोलकर साडेबेचाळीस' दिलं होतं, नातवाने बदलून 'आजीचं' केलंय.

ईपीची दुसरी बाजू अजून राहिली आहे. तीवरची गाणी कुठल्या सेलांवर वाजायची, ते विचारायला शिमग्याला जायला हवं.