विदूषकाची मानगूट

मैत्रीत थट्टा असावी की नसावी, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. कारण थट्टेवाचून मैत्री म्हणजे मिठावाचून वरण, हे सर्वांसच मान्य आहे. विचारण्याजोगा प्रश्न निराळा आहे. ज्या मित्रमंडळात थट्टा नेहमी एकाचीच होते आणि तो एकटा कधीही उलट उत्तर करीत नाही, तेथे जे चालते त्यास थट्टा म्हणावे काय?

ह्या प्रश्नास निमित्त झाले ते हल्लीच्या चित्रकथांचे. पूर्वी चित्रमालिका वर्तमानपत्रांत येत; आता त्या मोबाइलच्या पडद्यावरही येतात, आणि कारंजा तालुक्यातील आमच्या कामरगावासारख्या गावी देखील मुले त्या आवडीने वाचतात. माझ्या नातवाने दाखविलेल्या अशा एका कथेचा नायक अगदीच मवाळ आहे. सोबती त्याचा खाऊ पळवितात, त्यास ढकलतात, त्याच्या नावाने हसतात. आणि दुसऱ्या दिवशी हा पुन्हा त्यांच्यातच जाऊन बसतो. ह्यात नवे असे काही नाही. अमेरिकेत चार्ल्स शुल्झ ह्यांची 'पीनट्स' ही चित्रमालिका २ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू झाली. तिच्या पहिल्याच भागात चार्ली ब्राऊन हसतमुखाने समोरून जातो, आणि तो पुढे जाताच एक सवंगडी आपल्या मनातील तिटकारा बोलून दाखवितो. पुढे ल्यूसी नावाची मुलगी त्याच्यासाठी चेंडू धरून ठेवते व तो लाथ मारणार इतक्यात काढून घेते. तो उताणा पडतो आणि पुढच्या खेपेस पुन्हा तिच्यावर विश्वास ठेवतो. ही मालिका १३ फेब्रुवारी २००० पर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे, चालली. एवढा काळ लोक हसले ते कशास, हे पाहण्यासारखे आहे.

आमच्या नाट्यशास्त्रात भरतमुनींनी हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, मधले दोन मध्यमांचे, आणि शेवटचे दोन अधमांचे. म्हणजे हसणाऱ्याची योग्यता त्याच्या हसण्यावरून ठरते, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. तथापि ज्यास हसावयाचे त्याचे पुढे काय होते, हे समजण्यास शास्त्राहून काव्याकडे गेलेले बरे.

कालिदासाच्या शाकुंतलातील माधव्य हा विदूषक घ्या. तो राजाचा बालमित्र, ब्राह्मण, खादाड आणि भित्रा; राजाच्या मृगयेने बिचाऱ्याचे सांधे दुखून आलेले. दुसऱ्या अंकात दुष्यंत त्यास राजधानीस धाडतो, आणि हा कोठे काही बोलून जाईल ह्या भीतीने, शकुंतलेविषयी आपण जे बोललो ती केवळ थट्टा होती, असे त्यास सांगून मोकळा होतो. माधव्य ते खरे मानतो. पाचव्या अंकात राजा त्यास हंसपदिकेची समजूत घालण्यास पाठवितो. तेथे दासींच्या हातून आपल्या शेंडीची काय अवस्था होणार हे ठाऊक असूनही तो जातो. आणि नेमकी त्याच वेळी शकुंतला राजसभेत येते. सहाव्या अंकात मुद्रिका सापडल्यावर राजा विचारतो, मी विसरलो, पण तू तरी मला का आठवण दिली नाहीस? तेव्हा माधव्य म्हणतो, आपणच ती थट्टा म्हणालात, मी मंदबुद्धीने तसेच मानले.

पुष्कळ वर्षे हे नाटक शिकविताना मला ह्या उत्तराचे महत्त्व वाटत आले आहे. शापाचा भाग क्षणभर बाजूस ठेवला, तर शकुंतलेची हकीकत राजाच्या तोंडून ऐकलेला तेथे दुसरा कोण होता? हा एक मित्र. परंतु ज्यास आपण खेळणे करून ठेवले, तो गरजेच्या वेळी साक्षीदार म्हणून उभा राहू शकत नाही. मित्रास हास्यविषय करणारा त्याचे जे नुकसान करतो ते तर दिसतेच. परंतु तो आपलेही एक माणूस गमावीत असतो.

त्याच अंकाच्या शेवटी इंद्राचा सारथी मातली अदृश्य रूपाने येतो व माधव्याची मानगूट धरून त्यास प्रासादाच्या गच्चीवर मुरगाळू लागतो. त्याचा आक्रोश ऐकताच शोकाने गळून गेलेला राजा धनुष्य घेऊन धावतो. येथे कालिदासाने मैत्रीची परीक्षा घेतली, आणि दुष्यंत तीत उतरला. मग मातली प्रकट होतो व सांगतो, आपण खिन्न दिसलात, म्हणून आपला क्रोध जागा करण्यासाठी हे केले. राजा त्याचे स्वागत करतो, आणि माधव्य कुरकुरतो की, ज्याने मला यज्ञपशूसारखे मारावयास घेतले त्याचेच हे आदरातिथ्य! त्याच्या ह्या बोलण्यास उत्तर कोणीच देत नाही. राजा स्वर्गाच्या रथात बसतो, आणि विदूषकास अमात्याकडे निरोप घेऊन जावयाचे असते. नाटक पुढे जाते. मानगूट मात्र दुखतच राहिली असेल.

विनोद ह्याहून निराळा असू शकत नाही काय? असू शकतो, आणि त्याचे उदाहरण आमच्या वऱ्हाडाजवळच आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर ह्यांनी ह्याच प्रांती वकिली करीत 'सुदाम्याचे पोहे' लिहिले. त्यांतील सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या हे तिघे एकाच पंक्तीस बसलेले आहेत. रोख सामाजिक रूढींवर असतो. पण रूढींस हसताना लेखणी ह्या तिघांसही सोडीत नाही, आणि कायमचा बळी असा कोणी राहत नाही. पुढे चिंतामण विनायक जोशी ह्यांचा चिमणराव आला. तो स्वभावाने भिडस्त, आणि सोबतीस गुंड्याभाऊसारखा दांडगा गडी. परंतु चिमणरावाची फजिती चिमणरावच सांगतो! ज्याची फटफजिती झाली त्याच्याच हाती लेखणी असली, म्हणजे हसण्यातील विष उतरते. चार्ली ब्राऊनही कुंपणाच्या भिंतीवर हात टेकून लायनससमोर मन मोकळे करतो, आणि तो ऐकून घेतो. जेथे बळी बोलतच नाही आणि त्याचे ऐकणाराही कोणी नाही, तेथे मात्र हसणाऱ्याने थोडे थांबावे.

मी ज्या शाळेत नोकरी केली तेथे आठवीच्या वर्गात असाच एक मुलगा होता. चौघांची दप्तरे त्याच्या खांद्यावर, त्याचा डबा चौघांच्या पोटात. आणि टोपणनाव असे, की ते येथे लिहिणे योग्य नव्हे. हा आपला हसत असे. एके दिवशी त्यास एकट्यास बोलावून विचारले, "बाबा रे, हे का सोसतोस?" तो खाली मान घालून म्हणाला, "नाही तं मी एकटाच पडीन न, गुर्जी." त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला. ती संमती नव्हती. सोबतीसाठी दिलेली ती पट्टी होती, आणि रोज ती वाढत होती.

त्या चौघांस शिक्षा केली असती तर तिचे व्याज त्यालाच भरावे लागले असते. म्हणून मी त्यांच्यातील एकास, जो हसत असे पण हात लावीत नसे, बाजूस घेऊन एवढेच म्हटले, "उद्यापासून तू आपले दप्तर आपण घे." त्याने घेतले. तीनच दिवसांत दुसऱ्यानेही घेतले. उरलेल्या दोघांनी काही दिवस जुनाच क्रम चालविला. परंतु पाहणारे नाहीसे झाल्यावर खेळास रंग राहिला नाही. तो मुलगा त्या वर्षापुरता तरी डबा स्वतः खाऊ लागला. ह्याहून मोठा विजय मी सांगत नाही. टोपणनाव त्यास दहावीपर्यंत चिकटून राहिले.

हे केवळ मुलांचेच आहे असे नाही. गावच्या पारावर संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींतही चहा आणावयास नेहमी एकच जण उठतो, आणि जाताना त्याच्या पाठीवर एक वाक्य पडते. लग्नघरी एखादे आप्त, कचेरीत एखादा कारकून, घरात कधी धाकटा जावई, कधी मोठी सून. सर्वांस ठाऊक असते, आणि सर्व म्हणतात, "त्यास काही वाटत नाही." हे वाक्य कानी पडेल तेव्हा सुज्ञ वाचकांनी एक गोष्ट पाहावी: हसे पिकल्यावर तो माणूस इतरांबरोबर हसतो, की इतरांकडे पाहून मग हसतो? दुसरे दिसले, तर पुढची थट्टा आपल्यावर ओढून घ्यावी आणि चहा आणावयास त्या दिवशी आपण उठावे.