माल्मो : सामुद्रधुनीपलीकडचा संसार

यूरोपच्या नकाशावर डेन्मार्क आणि स्वीडन हे दोन देश एके ठिकाणीं इतके जवळ आले आहेत, कीं त्यांच्यामधील ओरेसुंडची सामुद्रधुनी दाखविण्यास बारीकशी रेघ पुरते. पश्चिम तीरावर कोपनहेगन ही डेन्मार्कची राजधानी. पूर्व तीरावर माल्मो, हें स्वीडनमधील तिसऱ्या क्रमांकाचें शहर. १६५८ सालच्या रोस्किल्डच्या तहानें स्कोने प्रांत स्वीडनकडे गेला. तोंपर्यंत हीं दोन्ही तीरें एकाच डॅनिश राजाच्या अमलाखालीं होतीं. त्यांस जोडणारा पूल १ जुलै २००० रोजीं खुला झाला, आणि बरोबर दोन वर्षांनीं, १ जुलै २००२ रोजीं, डेन्मार्कमध्यें परदेशी जोडीदारांविषयींचा एक नवा कायदा अमलांत आला. पूल बांधणारांच्या मनांत तो कायदा नव्हता, आणि कायदा करणारांनीं पुलाचा विचार केला असेल असें दिसत नाहीं. परंतु ह्या दोहोंच्या योगानें माल्मो शहरास एक निराळाच इतिहास लाभला, आणि तो आपल्या घरोघरीं विचार करण्याजोगा आहे.

प्रथम त्या मार्गाचें थोडें वर्णन करूं. कोपनहेगनहून निघालेली आगगाडी कास्ट्रुपचा विमानतळ सोडतांच समुद्रतळाखालील सुमारें चार किलोमीटर लांबीच्या बोगद्यांत शिरते. विमानांच्या वाटेंत उंच मनोरे येऊं नयेत आणि जहाजांचा मार्गहि मोकळा रहावा, म्हणून ह्या बाजूस पुलाऐवजीं बोगदा केला आहे. बोगद्यांतून गाडी बाहेर पडते ती पेबरहोल्म नांवाच्या कृत्रिम बेटावर. शेजारीं साल्टहोल्म, म्हणजे मिठाचें बेट, पूर्वीपासूनच होतें. तेव्हां ह्या नव्या बेटास लोकांनीं मिऱ्यांचें बेट म्हणावें हा सरळ विनोद आहे. समुद्रतळ उकरून निघालेल्या दगडमातीचें तें केलेलें असून तेथें मनुष्यवस्ती नाहीं. आपोआप रुजलेल्या वनस्पति आणि पक्षी ह्यांच्यासाठींच तें राखून ठेवलें आहे. पुढें जवळजवळ आठ किलोमीटरांचा पूल लागतो. वरच्या मजल्यावरून मोटारी जातात, खालच्या मजल्यावरून आगगाडी. मधल्या गाळ्याचे मनोरे २०४ मीटर उंच आहेत, आणि दक्षिणेकडे समुद्रांत उभ्या केलेल्या पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात. एका शहराच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचा हा प्रवास पाऊण तासाच्या आंत आटोपतो. मुंबईंत दादरहून ठाण्यास जाणाऱ्या गृहस्थास ह्याचें विशेष कौतुक वाटणार नाहीं. मात्र येथें वाटेंत राज्य बदलतें, भाषा बदलते, नाणें बदलतें, आणि पतिपत्नींनीं एकत्र रहाण्याचा कायदाहि बदलतो.

आतां त्या कायद्याकडे वळूं. २००१ च्या नोव्हेंबरांतील निवडणुकींत अधिकारावर आलेल्या आंद्रस फो रासमुसेन ह्यांच्या सरकारनें तो केला. डॅनिश नागरिकास आपली परदेशी पत्नी किंवा पति घरीं आणावयाचा असेल, तर दोघांचेंहि वय २४ वर्षांचें झालेलें असावें. घर पुरेसें मोठें असावें. त्यानें आदल्या वर्षांत निर्वाहासाठीं सरकारी साह्य घेतलेलें नसावें. आणि सुमारें ५०,००० क्रोनरांची हमी द्यावी. ह्या सर्वांवर कडी म्हणजे, दोघांचा मिळून डेन्मार्कशीं असलेला ऋणानुबंध इतर कोणत्याहि देशाशीं असलेल्या ऋणानुबंधापेक्षां अधिक असावा. आपल्याकडे छत्तीस गुणांपैकीं किती जुळले हें उपाध्याय पंचांग पाहून सांगतो. तेथें तें काम सरकारी कारकुनाकडे आलें, आणि त्यानें वधूवरांचा एकमेकांशीं नव्हे, तर दोघांचा राज्याशीं मेळ पहावयाचा! समजा, एखादा डॅनिश गृहस्थ दहा वर्षें पुण्यास राहिला, येथील भाषा शिकला, आणि येथेंच त्यानें विवाह केला. तर ह्या गणितांत त्याच्या संसाराचें पारडें भारताकडे झुकावयाचें, आणि त्याच्या पत्नीस त्याच्याच जन्मभूमींत रहाण्याची अनुमति नाकारली जावयाची.

हा कायदा करणारांची बाजूहि नीट ऐकून घेतली पाहिजे. परदेशांतून येऊन स्थायिक झालेल्या कांहीं कुटुंबांत कोवळ्या वयाच्या मुलामुलींचीं लग्नें आईबापांच्या आग्रहानें मूळ देशांत लावलीं जात, आणि त्यांत पुष्कळदां मुलीची संमति नांवापुरतीच असे. वय वाढविलें म्हणजे ‘नको’ म्हणण्याचें बळ त्यांच्या अंगीं येईल, अशी कायद्याची भूमिका सांगण्यांत आली. आपण तरी ह्या युक्तिवादास कसें हसावें? १८९१ चा संमतिवयाचा कायदा आणि १९२९ चा शारदा कायदा ह्यांवरून महाराष्ट्रांत घरोघरीं केवढे वाद माजले, हें सर्वश्रुत आहे; आणि त्या वादांत वय वाढवा म्हणणारांचीच बाजू न्याय्य होती, हें आज कोणीहि मान्य करील. परंतु शारदा कायद्यानें विवाहाचें वय सर्वांस सारखेंच लागू केलें. डेन्मार्कच्या कायद्यानें तसें केलें नाहीं. वीस वर्षांच्या डॅनिश तरुणानें शेजारच्या गल्लींतील डॅनिश मुलीशीं विवाह केला तर तिच्या संमतीविषयीं सरकारास शंका येत नसे; ती मुलगी भारतांतील किंवा ब्राझीलमधील असली कीं ती शंका येई. जुलुमाला आळा घालण्यासाठीं विणलेल्या जाळ्यांत स्वेच्छेनें एकमेकांस वरलेलीं माणसेंहि अडकलीं.

अशा जोडप्यांनीं काय करावें? तीं पूल ओलांडून माल्मोस आलीं. ह्या मार्गाचें मूळ पाहूं गेल्यास एका भारतीय गृहस्थाचें नांव पुढें येतें. सुरिंदर सिंग ह्या भारतीय नागरिकानें १९८२ सालीं एका ब्रिटिश स्त्रीशीं विवाह केला. १९८३ पासून १९८५ पर्यंत तीं दोघें जर्मनींत नोकरी करून राहिलीं आणि नंतर इंग्लंडला परतलीं. पुढें त्या गृहस्थाच्या इंग्लंडांत रहाण्याच्या हक्काविषयीं वाद उत्पन्न झाला, आणि ७ जुलै १९९२ रोजीं यूरोपीय न्यायालयानें निर्णय दिला, कीं जो नागरिक दुसऱ्या सदस्य देशांत कामानिमित्त राहून स्वदेशीं परततो, त्याच्या जोडीदारास परततांना त्या दुसऱ्या देशांत मिळत होते त्याहून कमी हक्क मिळतां कामा नयेत. म्हणजे स्वतःच्या घराचें दार बंद असेल, तर शेजाऱ्याच्या अंगणांतून वळसा घालून यावें! पुढें २००४ च्या निर्देशानें अशा कुटुंबांचे हक्क स्पष्ट झाले, आणि जुलै २००८ मध्यें ‘मेटॉक’ खटल्यांत न्यायालयानें तो मार्ग अधिक रुंद केला. त्याच वर्षीं, ह्या हक्कांची माहिती नागरिकांस नीट दिली जात होती कीं नाहीं, हा प्रश्न डेन्मार्कच्या लोकपालांनींहि हातीं घेतला. जो हक्क माहीत नाहीं तो नसल्यासारखाच. आणि सरकारी खिडकीपाशीं गप्प बसणें हाहि नकार देण्याचा एक प्रकार होऊं शकतो.

ह्या लोकांस डेन्मार्कमध्यें ‘प्रेमनिर्वासित’ असें नांव पडलें. त्यांच्यासाठीं माल्मो शहर सोईचें होतें. जहाजबांधणीचा जुना धंदा बसल्यामुळें शहरास नव्या रहिवाशांची गरज होती. कोकुम्सच्या गोदीतील प्रचंड यारी २००२ सालीं अवघ्या एका डॉलरास विकली जाऊन कोरियांत गेली, आणि त्याच बंदरभागांत २००५ सालीं पिळा दिल्यासारखा दिसणारा १९० मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला. घरें कोपनहेगनपेक्षां स्वस्त होतीं, म्हणून ज्यांस कायद्याची अडचण नव्हती असेहि अनेक डॅनिश लोक येथें आले. मोलेवांगेनच्या चौकांत नाना देशांच्या भाषा ऐकूं येतात. तेथें परकी सून कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीं. परंतु संसार असा दोन राज्यांत विभागला म्हणजे त्याचा शीण रोजच्या रोज जाणवतो. नोकरी एका देशांत, बिऱ्हाड दुसऱ्या देशांत. कर कोठें भरावा, औषधपाणी कोणाच्या खर्चानें, मुलानें शाळेंत कोणती भाषा शिकावी, हे प्रश्न सुटतां सुटत नाहींत. जानेवारी २०१६ मध्यें स्वीडनकडे येणाऱ्या गाड्यांतील उतारूंचीं ओळखपत्रें तपासण्यास आरंभ झाला. मे २०१७ मध्यें ती तपासणी थांबेपर्यंत हजारों लोकांचा नित्याचा प्रवास लांबला. आणि सामुद्रधुनीपलीकडे म्हातारी आई आजारी पडली, तर सुनेनें तिच्याजवळ पाहुणी म्हणून जावें. घरचें माणूस म्हणून रहातां येत नाहीं, हें दुःख निराळेंच.

आपल्या इतिहासांत ह्याच्या अगदीं उलट असें एक उदाहरण आहे. १८८७ च्या मार्चमध्यें मुंबईच्या न्यायालयानें रखमाबाईस नवऱ्याच्या घरीं जा, नाहीं तर तुरुंगांत जा, असा हुकूम केला. आणि बालपणीं लागलेलें तें लग्न न मानतां तिनें तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. तेथें कायदा नको असलेल्या नवऱ्याकडे पत्नीस ओढीत होता. येथें तो हव्या असलेल्या नवऱ्यापासून तिला दूर ठेवीत होता. दोन्ही ठिकाणीं प्रश्न एकच: ज्या दोघांनीं संसार करावयाचा त्यांची इच्छा मोजणार कोण?

ह्या प्रश्नाचें उत्तर अंशतः माल्मोंतच राहिलेल्या एका जोडप्यानें मिळविलें. जो २८ वर्षें डॅनिश नागरिक आहे त्यास ऋणानुबंधाची अट नाहीं, अशी सवलत डेन्मार्कनें पुढें दिली होती. जन्मानें डॅनिश असलेल्यास ती विसाव्याऐवजीं अठ्ठाविसाव्या वर्षीं तरी मिळे; परंतु तिशींत नागरिक झालेल्यास साठीची वाट पहावी लागे. टोगोंत जन्मलेला एक डॅनिश नागरिक आणि त्याची घाना देशांतील पत्नी ह्यांनीं ह्या विषमतेविरुद्ध दाद मागितली. डेन्मार्कच्या सर्वोच्च न्यायालयांत २०१० सालीं त्यांस यश आलें नाहीं. परंतु २४ मे २०१६ रोजीं यूरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या महापीठानें ‘बियाओ विरुद्ध डेन्मार्क’ ह्या खटल्यांत हा भेदभाव असल्याचें ठरविलें. २०१८ सालीं ऋणानुबंधाची अट गेली आणि तिच्या जागीं शिक्षण, भाषा, नोकरी इत्यादि पहाणाऱ्या नव्या अटी आल्या. चोवीस वर्षांचा नियम मात्र कायम राहिला.

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें आज परदेशांत आहेत, आणि तेथेंच जोडीदार निवडण्याचा प्रसंग कोणत्याहि घरांत येऊं शकेल. अशा वेळीं केवळ नापसंती किंवा केवळ कौतुक ह्यांपेक्षां कागदपत्रांची तयारी अधिक उपयोगी पडते. परदेशी व्यक्तीशीं येथें नोंदणीनें विवाह करावयाचा तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणें तीस दिवसांची नोटीस लागते, आणि दोघांपैकीं एकाचें तरी नोटिशीपूर्वीं तीस दिवस त्या जिल्ह्यांत वास्तव्य असावें लागतें. दाखल्यावर लागणारी अपोस्टिलची मुद्रा परराष्ट्र मंत्रालयाकडून मिळते. त्याविषयींचा हेग करार भारतास २००५ पासून लागू आहे. आपल्याकडे मुलीचें जन्मदाखल्यांत एक नांव, शाळेंत दुसरें आणि सासरीं तिसरें असतें; परक्या कारकुनास तीं तीन निराळ्या स्त्रियांचीं नांवें वाटतात. तेव्हां हा मेळ आधींच घालून ठेवावा. आणि शेजारच्या देशांतून वळसा घालावयाचाच असेल, तर तो लटका चालत नाहीं. तेथें तीन महिन्यांहून अधिक काळ खराखुरा संसार केलेला असला पाहिजे, असें न्यायालयानें २०१४ सालीं सांगितलें आहे. भाडेचिठ्ठी, विजेचें बिल, पगाराचा कागद हे सगळे त्याचे साक्षीदार.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास सून घरीं येणें ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते, कीं त्यासाठीं उंबरठ्यावरचें माप ओलांडण्यापलीकडे कांहीं करावें लागेल हें त्याच्या मनांतहि येत नाहीं. माल्मोच्या प्रेमनिर्वासितांस त्यासाठीं सोळा किलोमीटरांचा समुद्र ओलांडावा लागला, आणि पुष्कळांस तो वर्षानुवर्षें सकाळसंध्याकाळ ओलांडावा लागला. त्यांनीं तो ओलांडला, ह्यावरून त्यांच्या ऋणानुबंधाचें माप ज्यास काढावयाचें असेल त्यानें काढावें.