त्रास नाही ना दिला?

संध्याकाळी पावणेसातनंतर आमच्या दाराची बेल थांबत नाही. डोंबिवली स्टेशनात एकेक लोकल रिकामी होते, तसे आईबाप जिना चढून येतात. खांद्याला ऑफिसची बॅग, हातात कोथिंबिरीची जुडी, आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच : "काकू, आज त्रास नाही ना दिला?"

बावीस वर्षं मी पाळणाघर चालवते. हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की त्यातली माफी मला ऐकू येईनाशी झाली होती. मूल दुसऱ्याकडे ठेवल्याची टोचणी आईला दिवसभर असतेच. दारात येईपर्यंत तिने स्वतःला दोषी धरलेलं असतं. अशा बाईला उंबऱ्यावरच मुलाबद्दल काही सांगितलं, की आपल्याला वाटत असते ती काळजी, आणि तिच्या कानावर पडते ती तक्रार. हे मला उशिरा कळलं.

पावणेतीन वर्षांचा एक मुलगा होता. शांत, हसरा, ठोकळ्यांत रमणारा. एक दिवस त्याची आई न्यायला आली तेव्हा मी पटकन म्हणाले, "याला कुणाला तरी दाखवून घ्या हो. हा अजून बोलत नाही." शेजारी दुसऱ्या दोघीजणी आपापल्या मुलांना चपला घालत होत्या. त्यांचे हात क्षणभर थांबले. त्या आईने मान हलवली, पाण्याची बाटली घेतली आणि गेली. दुसऱ्या दिवशी मुलगा आला नाही. चौथ्या दिवशी वडील आले, खुंटीवरचे जादा कपडे आणि डबा घेतला, म्हणाले, "आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात." पुढे वर्षभराने कुणाकडून तरी कळलं, त्याला कानाचं यंत्र बसवलंय. भाषा रुजण्याच्या वयातलं एक अख्खं वर्ष गेलं होतं.

मी खोटं बोलले नव्हते. पण "बोलत नाही" हा मी काढलेला निष्कर्ष होता. पाहिलं होतं ते वेगळंच. साडेअकराला स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की सगळी पोरं माना वळवायची. हा एकटा ठोकळ्यावर ठोकळा ठेवत राहायचा. एवढंच सांगायला हवं होतं, तिला खुर्चीत बसवून, दार लोटून. कुकर तिच्याही घरी होता. ती दुसऱ्या दिवशी स्वतः बघू शकली असती.

माझी मामेबहीण पालघर जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. तिच्याकडे मुलांचा दंडघेर मोजायची रंगीत पट्टी असते. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत लाल, तिथून साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. लाल म्हणजे तीव्र कुपोषित. रजिस्टरात त्याला 'सॅम' लिहितात. हा शब्द ती आईसमोर उच्चारत नाही. पट्टी आईच्याच हातात देते, तिलाच ओढायला लावते, आणि गप्प बसते. "तिनं बघितलं की तीच विचारते, ताई, आता काय करायचं? मी आधी बोलले तर तिला वाटतं, हिनं माझं पोरगं उपाशी ठरवलं."

हे बोलणं होतं ते आईच्या ओट्यावर, आणि ते जुन्या वाटेवरचंच आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर बाई मुलांच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे अनुताई वाघांनी कोसबाडला ते काम जन्मभर केलं. १९७५ मध्ये सरकारी योजना आली आणि शब्द देशभर गेला. आईशी बोलताना मला त्या अंगणाचं महत्त्व फार वाटतं. तिच्या अंगणात ती घरधनीण असते, माझ्या दारात ती घाईतली आणि अपराधी.

एका ठिकाणी मात्र हे सगळं बाजूला ठेवावं लागतं. धोका घरातूनच असल्याची शंका असेल, तर आधी घरच्यांना विचारून बघू, असं करायचं नसतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं, की मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. शहानिशा करणं आपलं काम नाही. मुलाला खोदून खोदून विचारायचं नाही. ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवायचं. कपाटाच्या दाराला आतून मी मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हा आकडा चिकटवलाय. माझ्या मदतनीस मुलीने विचारलं, "काकू, आपली शंका चुकीची निघाली तर?" मी तिला म्हटलं, मोठ्यांचा राग आपण सोसू शकतो.

त्या मुलानंतर काही वर्षांनी दुसरं एक मूल कुकरला वळेनासं झालं. वारंवार सर्दी होणारी मुलगी, पूर्वी चांगली बडबडणारी. मी आठवडाभर वहीत टिपणं केली. शनिवारी आईला बोलावलं, चहा ठेवला. पाहिलं तेवढंच सांगितलं आणि विचारलं, "घरी कसं असतं?" मग थांबले. हे थांबणंच मला सर्वांत अवघड जातं. चहावर साय धरली. मग ती म्हणाली, "टीव्हीचा आवाज वाढवत बसते. मी घरात बोलले होते, पण सगळे म्हणाले, तुला काहीतरी शोधायचंच असतं." म्हणजे माझ्या आधीपासून तिला माहीत होतं, फक्त तिच्या बाजूने कुणी नव्हतं. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. पडद्यामागे पाणी साठलं होतं. उपचार सुरू झाले, फेऱ्या सुरू झाल्या.

दीडदोन महिन्यांनी एका संध्याकाळी ती जिना चढून आली. पाऊस होता, छत्री गळत होती. नेहमीचं वाक्य तिने म्हटलंच नाही. दारातूनच विचारलं, "काकू, आज शिट्टीला वळली?"

"वळली," मी म्हटलं. "पहिल्याच शिट्टीला."

ती ओल्या छत्रीसकट आत आली आणि खुर्चीवर बसली.