‘पहिल्यांदाच’ हा शब्द माझा होता

जुलै २०२५. आपल्या मुलींनी थायलंडला २-१ हरवून आशियाई चषक गाठला. रात्री घाईत मी मथळा दिला, ‘मुली पहिल्यांदाच आशियाई चषकात’. सकाळी परभणीतल्या आमच्या शाळेच्या पीटीच्या सरांचा फोन. “काय लिहिलंस रे? १९८० ला कालिकतमध्ये आपण उपविजेते होतो. १९८३ ला पुन्हा. अन् ८३ ची फायनल हरलो कुणाकडून? याच थायलंडकडून!”

मी गप्प. पात्रता फेरी जिंकून पहिल्यांदाच, एवढंच खरं होतं.

मग शोधत बसलो. त्या पिढीतल्या कोलकात्याच्या शांती मलिक. १९८३ चा अर्जुन पुरस्कार, महिला फुटबॉलपटूंमध्ये पहिला. दुसरा मणिपूरच्या बेमबेम देवींना, थेट २०१७ ला. मध्ये ३४ वर्षं! आपल्या शेजारच्या गोव्याच्या योलांडा डिसोझाही त्याच काळात देशाकडून खेळल्या. पत्रकारितेच्या डिप्लोमात ही नावं कानावर आली नाहीत, ठीक आहे. पण इतकी वर्षं क्रीडा पान मीच लावतोय की.

स्टेडियमवर संध्याकाळी पाच-सहा पोरी बॉल घेऊन येतात. त्यांनी तोच मथळा वाचला असणार.

दुरुस्ती छापली, आतल्या पानावर दोन ओळी. कुणाला दिसली नसेल, म्हणून इथं लिहितोय.